उमेदवार आणि उस्ताद : मोटार मेकॅनिकच्या शिक्षणाचा इतिहास

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीला इतका चिकटला आहे की त्याचा जुना अर्थ मुद्दाम आठवावा लागतो. उमेद म्हणजे आशा. पुढेमागे कायम होऊ, या आशेवर एखाद्या कचेरीत किंवा कारखान्यात बिनपगारी वा नाममात्र पगारावर राबणारा तो उमेदवार. १९६१च्या ‘ॲप्रेंटिसेस ॲक्ट’मधल्या ॲप्रेंटिसला सरकारी मराठीने हाच शब्द दिला आणि ‘शिकाऊ उमेदवार’ रूढ झाला. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मात्र शिकण्या-शिकवण्याचे नाते सांगणारी दुसरी जोडी त्याच्या आधीपासून नांदत होती : उस्ताद आणि शागीर्द. सरकारी कागदावर उमेदवार आहे, पण उस्ताद नाही. गॅरेजात उस्ताद आहे, पण त्याच्याकडे कागद नाही. या दोन शाळा गेली कित्येक दशके एकमेकींच्या शेजारी चालल्या आहेत. त्यांची गाठ कुठे पडली, कुठे पडता पडता राहिली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

बारा बलुतेदारांत मोटार दुरुस्त करणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या, तेव्हा हे काम कोणाच्याच पिढीजात वाट्याला आलेले नव्हते. जवळचे होते ते लोहार, सुतार, गिरणीतले फिटर आणि घोडागाड्या बांधणारे कारागीर. गाडी चालवणारा शोफर हाच बरेचदा तिचा पहिला मेकॅनिक असे, कारण वाटेत गाडी बंद पडली तर दुसरा कोणी मिळण्याची शक्यता नव्हती. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. १९२८मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डनेही त्याच सुमारास मुंबईत बस्तान बसवले. परदेशातून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग इथे जोडले जात. मोटार ही उलगडून पाहता येते आणि पुन्हा जुळवता येते, हे कामगाराला असे हाताने कळले.

या काळातले शिक्षण कानांवरून झाले, याचा पुरावा भाषेतच आहे. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर असे चाक बनवणारी कंपनी होती, तिचे नाव वस्तूला चिकटले. इंग्लंडात हा शब्द विसरला गेला. आपल्याकडे तो गॅरेजांनी जिवंत ठेवला. ‘डिकी’चेही तसेच. मूळ शब्द गाडीच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या बैठकीचा, आपण तो सामान ठेवण्याच्या जागेला दिला. कार्बोरेटरचा ‘कारबेटर’ झाला. पुस्तकातून शिकलेल्यांचे शब्द असे झिजत नाहीत; तोंडातोंडी गेलेले झिजतात.

गॅरेजच्या शाळेला अभ्यासक्रम नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. पहिली इयत्ता घासलेटमध्ये पार्ट धुण्याची. पोऱ्या पार्ट धुता धुता त्यांची नावे आणि आकार शिके. दुसरी इयत्ता पाने देण्याची. उस्ताद गाडीखालून नुसता हात पुढे करी आणि ‘दहा-अकरा’ की ‘बारा-तेरा’ हे पोऱ्याला आपसूक कळावे लागे. मग चाके, मग ब्रेक आणि क्लच, मग गिअरबॉक्स, आणि सर्वांत शेवटी इंजिन. एकट्याने इंजिन खोलून पुन्हा बांधले आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झाले, की ती पदवी. यालाच आपण ‘हात बसणे’ म्हणतो. या शिक्षणाला मुदत नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. शिव्या आणि टपल्या होत्या, सुरुवातीला पगारही बेताचाच होता. उस्तादाला सगळेच शिकवायची सक्तीही नव्हती. पोटापाण्याची एखादी खुबी तो स्वतःजवळ ठेवी.

सरकारला मेकॅनिकची आठवण झाली ती युद्धामुळे. १९३९चा मोटार वाहन कायदा झाला त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. सैन्य आता मोटारींवर हलत होते आणि मोटारी सांभाळणारे हात कमी पडत होते. १९४०मध्ये युद्धासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना सुरू झाली. १९४१मध्ये ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली हिंदी तरुणांना कारखान्यांतल्या शिक्षणासाठी थेट ब्रिटनला पाठवले गेले. १९४३मध्ये सैन्यात विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांचे वेगळे दल उभे राहिले. एखाद्या धंद्याचे तुकडे पाडायचे, ते ठरावीक महिन्यांत शिकवायचे आणि शेवटी चाचणी घ्यायची, ही पद्धत आपल्या राज्ययंत्रणेने या गरजेतून अंगी बाणवली.

युद्ध संपल्यावर हीच केंद्रे सैन्यातून मोकळ्या झालेल्यांसाठी आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरली गेली. १९५०मध्ये त्यांतून कारागीर प्रशिक्षण योजना आकाराला आली. आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या आयटीआय, तिचीच लेकरे. १९५६मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि परीक्षा व प्रमाणपत्रांसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आणि ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा, या दोन वाटांनी पुढे असंख्य मराठी मुले गेली. तिथे प्रात्यक्षिकाबरोबर सिद्धान्त होता, कार्यशाळेचे गणित होते, आराखडा वाचायला शिकवणारे ड्रॉइंग होते. गॅरेजात नेमके हेच मिळत नव्हते.

मग गॅरेजला हा शिकलेला मुलगा मिळाला का? बहुतांशी नाही. तो गेला कारखान्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला गाड्या काढू लागली होती. १९६०मध्ये आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, १९६६पासून टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. १९६१च्या कायद्याने अशा आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. आयटीआयची दोन वर्षे, त्यानंतर कारखान्यात उमेदवारी आणि मग कायम नोकरी, ही पिंपरी-चिंचवडच्या एका पिढीची वाट होती; कित्येक घरांना पक्की भिंत आणि मुलांना कॉलेज दिसले ते याच वाटेने. पण ही वाट गाडी बनवणाऱ्याची होती. गाडी दुरुस्त करणाऱ्याला कायद्याने काहीच दिले नाही, कारण गल्लीतले दोन माणसांचे गॅरेज ही कायद्याच्या लेखी आस्थापनाच नव्हती.

दोन्ही शाळांची गाठ पडली ती एसटीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या आणि तालुक्या-तालुक्यात आगारे. आगारात आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आलेला शिकाऊ उमेदवार रात्रपाळीला मुरलेल्या कारागिराच्या हाताखाली उभा राहत असे. सकाळी पहिली गाडी सुटलीच पाहिजे, एवढी एकच परीक्षा असे. सहायक, कारागीर, प्रमुख कारागीर अशा पायऱ्या होत्या, म्हणजे हातातला पाना न सोडता वर चढता येत होते. दुरुस्तीच्या धंद्यात कागद आणि हात यांना एकाच छताखाली आणणारी इतकी मोठी व्यवस्था महाराष्ट्रात दुसरी झाली नाही.

खासगी गॅरेजला मात्र काळानेच सांभाळले. १९५०च्या दशकातली फियाट ११०० हीच पुढे, १९७०च्या दशकात, प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. अँबॅसेडर १९५८पासून २०१४पर्यंत निघाली. गाडी बदलत नसल्यामुळे एकदा शिकलेले ज्ञान जन्मभर पुरत होते. टॅपेटचा आवाज, पॉइंटमधली फट, प्लगवरच्या काजळीचा रंग यांवरून उस्ताद रोग सांगे. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी. हे अनुमानाचे शास्त्रच होते, फक्त ते कोणी लिहून घेतले नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि तिच्याबरोबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे जाळे पसरत गेले. खरा तडा गेला तो २०००च्या आसपास, धुराचे निकष लागू झाल्यावर. कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, इंजिनाचा कारभार एका छोट्या संगणकाकडे गेला. एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज सहा लागू झाल्यावर दुचाक्याही त्याच वाटेने गेल्या. आता रोग ओळखायला स्कॅनर जोडावा लागतो. पण स्कॅनर रोग सांगत नाही, लक्षण सांगतो. ‘मिश्रणात इंधन कमी’ असा संकेत आला, तर कुठे हवा आत झिरपत असेल, पंप अशक्त झाला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. त्यांतले नेमके काय, हे ठरवायला आजही उस्तादाचा कान आणि त्याची तर्काची सवय लागते. अडचण अशी की स्कॅनर आणि कंपनीची माहिती त्याच्या हाती नव्हती.

ही तक्रार केवळ गल्लीतली राहिली नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देऊन कंपन्यांनी बाजार अडवला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यावर अपिले झाली. पण गॅरेजवाला मागे पडला तो शिकण्याची इच्छा नसल्यामुळे नव्हे, तर त्याच्या वाटेवर दार बंद होते म्हणून, हे त्या आदेशाने नोंदवून ठेवले.

दुसरे एक दार आपण बंद केले, आणि ते बंद करायलाच हवे होते. १९८६च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात पुढे गॅरेजांचा समावेश झाला आणि २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. घासलेटमध्ये हात बुडवणारा दहा वर्षांचा पोऱ्या हा कोणत्याही परंपरेचा अभिमान असू शकत नाही. पण गॅरेजच्या शाळेत शिरायची तीच एक वाट होती. ती बंद करताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी त्याच गॅरेजात सन्मानाने शिरण्याची दुसरी वाट कोणी बांधली नाही.

वरच्या बाजूला पायऱ्या वाढत गेल्या. २००२मध्ये एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सची पदविका सुरू झाली. वाहन उद्योगाची कौशल्य परिषद निघाली, ‘सर्व्हिस टेक्निशियन’साठी स्तर ठरले. २०१५नंतर आधीच्या अनुभवाला चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आली. पण सर्व्हिस सेंटरमधली शिडी पाहिली तर एक गोष्ट खटकते. टेक्निशियन, वरिष्ठ टेक्निशियन, मग सर्व्हिस ॲडव्हायझर, मग व्यवस्थापक. म्हणजे बढती मिळाली की पाना सुटतो. चांगला हात बसला की त्याला टेबलापाशी बसवायचे, ही आपल्याकडची प्रगतीची कल्पना.

ज्या जर्मनीकडून आपण पदविकेचा साचा घेतला, तिथे चित्र निराळे आहे. २००३मध्ये तिथे मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे ट्रेड एकत्र करून मेकॅट्रॉनिकरचा साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम केला गेला. मुलगा काही दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस वर्कशॉपमध्ये शिकतो. त्यापुढची ‘माइस्टर’ ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला स्वतःचे वर्कशॉप काढता येते आणि उमेदवार शिकवता येतात. थोडक्यात, तिथे उस्तादालाच कागद मिळतो, आणि तो शिकवण्याचा कागद असतो. आपल्याकडच्या सर्व योजनांनी प्रमाणपत्र दिले ते शिकणाऱ्याला. गॅरेजात ज्याने पंचवीस पोरे तयार केली, त्याला शिक्षक म्हणून कोणी ओळखले नाही.

हा प्रश्न आता मानापुरता उरलेला नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. तिच्या केबली भगव्या रंगाच्या असतात त्या धोका दिसावा म्हणून. गॅरेजच्या शाळेचे मुख्य साधन होते खोलून पाहणे. चूक झाली तर इंजिन सुरू होत नसे, उस्तादाची टपली बसे आणि दुसऱ्यांदा ते नीट बांधले जाई. या गाडीत पहिली चूकच शेवटची ठरू शकते. आधी वीज तोडायची, ठरलेला वेळ थांबायचे, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा, हा क्रम नुसता बघून शिकण्याचा नाही. तो कोणीतरी शिकवावा लागेल, आणि ज्याच्याकडे मुले आजही जातात त्या उस्तादाला आधी शिकवावा लागेल. आयटीआयच्या वर्कशॉपची दारे संध्याकाळी त्याच्यासाठी उघडणे आणि त्याच्या गॅरेजला उमेदवार घेण्याचा अधिकार देणे, एवढ्या दोन गोष्टींनी सुरुवात होऊ शकते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि तिची नोंदणी ऑक्टोबर २००३मधली होती. वर्तमानपत्रांत त्या काळ्या-पिवळ्या गाडीच्या आठवणी आल्या, छायाचित्रे आली. तिला साठ वर्षे चालती ठेवणाऱ्यांना काय येत होते, याची नोंद मात्र कुठल्याच अभ्यासक्रमाने घेतलेली नव्हती. ते येणारी माणसे अजून आपल्यात आहेत. ग्रँट रोडला, भवानी पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या स्टँडसमोर. त्यांच्याशी बोलून ते लिहून घ्यायला अजून वेळ गेलेली नाही.