पूर्वजांचा शोध व जुन्या वह्या

देवळाच्या या महोत्सवाच्या निमित्तानें घरोघर जुन्या गोष्टी निघूं लागल्या आहेत, आणि आपला मूळ पुरुष कोण, तो येथें कोठून आला, असें तरुण मंडळी वडील माणसांस विचारीत आहे. उत्तरें तयारच असतात. कोणी म्हणतो, आम्ही बिंब राजाबरोबर आलों. कोणी म्हणतो, आमचें कूळ मूळचें सामवेदी ब्राह्मणांचें. कोणी केवळ आडनांवाच्या बळावर आपला पूर्वज लिस्बन शहरीं नेऊन बसवितो. आम्हींही कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घराण्याचा वंशवृक्ष तयार केला, तो छापून आप्तेष्टांस वांटला, आणि तो चुकीचा होता. त्या चुकीची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, व ती सांगतां सांगतां जुन्या नोंदी कशा वाचाव्या याविषयीं दोन शब्द लिहावे, असें मनांत आलें.

प्रथम आडनांवांविषयीं. वसई प्रांत १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आला. त्यानंतर जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांस स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा संस्कार देणाऱ्या पाद्र्याचें आडनांव मिळत असे. यावरून दोन परेरा एकमेकांचे भाऊबंद असलेच पाहिजेत असें होत नाहीं. उलट, दोन सख्ख्या भावांचीं आडनांवें भिन्न असणेंही अशक्य नाहीं. आपल्या वडील माणसांनीं माणूस ओळखण्याकरितां आडनांवाऐवजीं आळीचें व घराच्या टोपणनांवाचें साह्य घेतलें, यांत मोठें शहाणपण होतें.

बिंब राजाची कथा 'महिकावतीच्या बखरी'ंत आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ही बखर १९२४ सालीं छापून प्रसिद्ध केली. ती एका हातची नाहीं; निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लेखकांनीं लिहिलेलीं प्रकरणें तींत एकत्र आलेलीं आहेत, व बिंब हें नांवही तींत एकाहून अधिक राजांस लागतें. तींतील कुळांचीं नांवें वाचून आनंद होतो खरा. पण त्या कुळांपासून आमच्या पणजोबांपर्यंतच्या शेंकडों वर्षांतील पिढ्या कोणी भरून द्याव्या?

देवळांतील वह्यांची गोष्ट निराळी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाची नोंद व स्नानसंस्काराच्या वेळच्या धर्ममातापित्यांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म या आज्ञेच्या पूर्वींचा. त्यांचें जन्मवर्ष कोणी १५५६ देतो, कोणी १५५७. त्यांच्या मरणाचा दिवस मात्र, ५ फेब्रुवारी १५९७, साऱ्या जगास ठाऊक आहे. नागासाकी येथें क्रुसावर प्राण अर्पण करणाऱ्या संतांची जर ही अवस्था, तर आमच्यासारख्या बागाईतदारांच्या पूर्वजांनीं पंधराव्या-सोळाव्या शतकांतील दाखले मागें ठेवले असतील अशी अपेक्षा धरणें योग्य नव्हे.

तारखांतही घोंटाळा असतो. चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला तेव्हां पोर्तुगीज २३ मे १७३९ रोजीं बाहेर पडले. मुंबईच्या इंग्रजांच्या पंचांगाप्रमाणें तो दिवस १२ मे होता; कारण इंग्रज १७५२ पर्यंत जुनें पंचांग चालवीत व अकरा दिवस मागें असत. त्यांचें वर्षही तेव्हां २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या कागदांतील जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींत आपल्या हिशेबानें एक वर्षाचा फरक पडतो. दोन कागदांत दोन तारखा दिसल्या म्हणजे एक खोटा, असा तडकाफडकी निर्णय करूं नये. शिवाय वसईचीं देवळें प्रथम गोव्याच्या, १८८६ पासून दमणच्या, १९२८ पासून मुंबईच्या व १९९८ पासून वसईच्याच बिशपांच्या अधिकाराखालीं आलीं. धर्मग्राम एकच असला तरी कागदांच्या वाटा अनेक झाल्या.

भाषेची अडचण तर पदोपदीं येते. घरीं ज्यास इनास म्हणत तो वहींत इग्नासियुस असतो, दुमिंग हा दोमिनिकुस होतो. रॉड्रिग्ज हें आडनांव पोर्तुगीज लेखणी 'रोईझ' असें आंखडून लिहिते. लॅटिन नोंदींत बापाचें नांव षष्ठीच्या रूपांत येतें, म्हणून 'दोमिनिकुसचा मुलगा' असें लिहितांना दोमिनिकुसचें 'दोमिनिची' होतें. आमच्या एका सोयऱ्यांनीं या रूपावरून दोमिनिची नामक एक इटालियन पूर्वज शोधून काढला होता, व त्याच्या गलबताविषयींही ते सांगूं लागले होते.

आम्ही त्यांस हंसलों; पण आमची स्वतःची चूक त्याहून मोठी होती.

आमच्या घरीं आजोबांच्या हातची एक वही आहे. पहिल्या पानावर त्यांच्या वडिलांचें, म्हणजे आमच्या पणजोबांचें नांव, व पुढें 'एकुलते एक' असे शब्द. नंतर मुलांचे जन्म, लग्नें, मृत्यु. मध्येंच एका म्हशीची खरेदी व विहिरीच्या रहाटास आलेला खर्च. ही वही आम्हीं प्रमाण मानली. तिला पुष्टि म्हणून तलाठ्याच्या दप्तरांतील फेरफाराची नक्कल काढली. तींतही वारसांची ओळ नेमकी वहीप्रमाणेंच होती. दोन कागद जुळले, मग आणखी काय पाहिजे ?

देवळाच्या वहींत पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद १८६७ सालची सांपडली. त्याच वहींत नऊ वर्षें आधीं, त्याच बापाच्या नांवाची, त्याच आळींतील, आणखी एका मुलाची नोंद होती. आईचें नांव मात्र वेगळें. पणजोबा एकुलते एक, असें तर आजोबांनीं लिहून ठेविलेलें ! तेव्हां त्या नांवाचे दोन गृहस्थ आळींत असावे, असें आम्हीं ठरविलें. तसें होणें नवलाचें नाहीं, कारण नांवें थोडीं व माणसें फार. त्या थोरल्या मुलास आम्हीं बाजूस सारलें व वंशवृक्ष छापखान्यांत दिला.

पुढें एका वेगळ्याच कामाकरितां विवाहाच्या वह्या पाहत असतां आमच्या वडिलांच्या एका चुलत बहिणीच्या लग्नाची १९३८ सालची नोंद नजरेस आली. नवरदेव शेजारच्या आळींतील, आडनांव निराळें. नोंदीच्या शेवटीं, तिसऱ्या पायरीच्या रक्तसंबंधाची सूट मिळाली आहे, असा शेरा होता. ज्यांस हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सख्खीं भावंडें ही पहिली पायरी. चुलत, मामे, आते, मावस भावंडें ही दुसरी. व त्यांचीं मुलें ही तिसरी. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें तिसऱ्या पायरीपर्यंतच्या नात्यांत सूट मिळाल्यावांचून लग्न होत नसे. त्यापूर्वीं ही मर्यादा चौथ्या पायरीपर्यंत होती. म्हणजे या वधूवरांचे पणजोबा-पणजींपैकीं कोणी तरी एकच असलें पाहिजे. पण कोणतें ? प्रत्येकास पणजोबा चार व पणज्या चार. नुसत्या शेऱ्यावरून कांहींच ठरत नव्हतें.

पानांच्या मध्यें घडी केलेला एक कागद होता. सूट मागतांना विगारांनीं अर्जासाठीं काढलेल्या आकृतीची ती प्रत होती. वर एका पुरुषाचें नांव, त्याखालीं दोन रेघा. एका रेघेवर आमचे पणजोबा, दुसरीवर त्यांच्याहून नऊ वर्षांनीं वडील असलेला तो मुलगा, ज्यास आम्हीं आमच्या घरांतून बाहेर काढलें होतें.

मग आजोबांची वही पुनः पाहिली. पहिलीं चार पानें एकाच शाईनें, एकाच बैठकींत लिहिलेलीं आहेत, हें पूर्वीं आमच्या लक्षांत आलें नव्हतें. १८६७ सालची हकीकत त्यांनीं पुष्कळ वर्षांनंतर, जमिनीच्या हक्कनोंदणीचें काम गांवांत सुरू झालें त्या सुमारास लिहिली. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. फेरफाराची नोंद त्यानंतरची, आणि तलाठ्यास वारस सांगणारे गृहस्थ आमचे आजोबाच. आम्हीं ज्यांस दोन साक्षी समजलों ती एकच साक्ष होती, दोनदां लिहिलेली. आजोबांनीं खोटें लिहिलें असें म्हणण्यास आमचा हात धजत नाहीं. पणजोबा आपल्या आईचे एकुलते एक होते, हें अक्षरशः खरें आहे. तिच्यापूर्वीं त्या घरांत दुसरी एक सून येऊन गेली होती, एवढेंच लिहावयाचें राहिलें. जें लिहिलें जात नाहीं तें दोन पिढ्यांनीं नाहींसें होतें. विगारांस मात्र १९३८ सालीं वृद्धांनीं तें तोंडानें सांगितलें, कारण तेथें प्रश्न जमिनीचा नसून लग्नाचा होता.

छापलेला वंशवृक्ष बरोबर घेऊन आम्ही शेजारच्या आळींत गेलों. थोरला मुलगा आई वारल्यावर आजोळीं वाढला, मामाच्या वाडींत त्यास घर मिळालें, आणि मामाच्या घराचें आडनांवच पुढें त्याच्या वंशास चिकटलें, असें तेथें कळलें. त्या घरच्या नव्वदी उलटलेल्या आजींस आम्हीं क्षमा मागूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हांस आतां कळलें होय ? आमच्या सासूबाई दर नाताळांत तुमच्या घरीं फराळाचें ताट धाडीत. तें कां धाडीत, असें तुमच्या घरीं कोणीच विचारलें नाहीं ?"

त्या ताटाची आठवण आमच्या आत्यांस होती. परतीचें ताट आपल्या घरून जात असे किंवा नाहीं, हें त्यांस आठवत नाहीं.

नवा वंशवृक्ष आतां हातानेंच काढला आहे. छापण्याची घाई केलेली नाहीं. त्यांत दोन्ही रेघा आहेत, व दुसऱ्या आळींतील मुलाबाळांसह साठांहून अधिक नांवें वाढलीं आहेत. पहिल्या सुनेचें नांव १८५८ च्या नोंदींतून घेतलें. पण तिचे आईबाप कोण तें ठरत नाहीं. तिचें लग्न ज्या वर्षांत झालें असावें त्या वर्षांचीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत, आणि स्नानसंस्काराच्या वहींत त्या काळच्या त्या नांवाच्या तीन मुली आढळतात, तिन्ही त्याच आळीच्या. तिघींपैकीं एक निवडून रेघ ओढणें सोपें आहे. आम्हीं ती जागा रिकामी ठेविली आहे. धर्मग्रामांतील कोणाच्या पेटींत १८६० पूर्वींचा लग्नाचा दाखला, दानपत्र किंवा जुनी प्रार्थनेची पोथी असेल, व तिच्या कोऱ्या पानावर घरच्या माणसांचीं नांवें लिहिलेलीं असतील, तर ती पाहावयास मिळावी अशी विनंती आहे. कागद घरींच राहूं द्यावा. आम्ही येऊन उतरून घेऊं.