ब्रेकमधली पोकळी: तापी खोऱ्यातल्या रेल्वेपासून तोरणमाळच्या उतारापर्यंत

आजचा भाग जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांनीही थांबा, कारण गोष्ट सुरू होते रेल्वेपासून, आणि रेल्वेत तर आपण सगळेच बसलोय.

विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. शहाद्याला माझ्या चुलतभावाकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. साधी नाही बरं का. दोन कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, आवाज ऐकूनच माणसं वळून बघतात. पळते झकास, पण थांबवताना पायाचा घाम निघतो. त्याने ठरवलं, अंगणातच तिला व्हॅक्यूम बूस्टर बसवायचा आणि मग घरच्यांना घेऊन तोरणमाळला जायचं. मला म्हणाला, "दादा, तू एवढं वाचतोस, जरा बघून सांग ना." मी बघायला लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचलो.

आपल्या नंदुरबारला 'व्हॅक्यूम ब्रेक' काही नवा नाही. 1900च्या आसपास तापी खोऱ्यातून सुरत ते अमळनेर ही रेल्वे सुरू झाली. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही स्टेशनं त्याच वाटेवरची. आणि भारतातल्या गाड्या विसाव्या शतकाचा बराचसा काळ व्हॅक्यूम ब्रेकवरच थांबत होत्या. एअर ब्रेक सगळीकडे पसरले ते 1980 नंतर, हळूहळू.

रेल्वेतला हा ब्रेक चालायचा कसा? इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप. इंजिन त्या पाइपातली हवा ओढून घेतं. आत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. पाइपात हवा शिरली की बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला ढकलतो आणि ब्रेक लागतात. साखळी ओढल्यावर गाडी का थांबायची? साखळीमुळे एक झडप उघडायची आणि पाइपात हवा शिरायची, एवढंच! डबा तुटून मागे राहिला, पाइप फाटला, तरी ब्रेक आपोआप लागणार. म्हणजे बिघाड झाला की गाडी उभी.

ही अक्कल फुकटात आलेली नाही. 12 जून 1889, आयर्लंडमधलं आर्मा गाव. सहलीला निघालेल्या गाडीत खच्चून माणसं, त्यात मुलं खूप. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होते, पण जुन्या पद्धतीचे: पोकळी केली तर ब्रेक लागायचे. बरोबर उलटं. चढावर इंजिन दमलं, म्हणून गाडीचे दोन भाग करायचे ठरलं. डबे सोडले, पाइप सुटला, पोकळी गेली आणि त्याबरोबर मागच्या डब्यांचे ब्रेकही गेले. डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. 80 माणसं मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

हे नीट लक्षात ठेवा: पोकळी ब्रेक सोडून ठेवते की ब्रेक लावायला मदत करते? कारण मोटारीत नेमका दुसरा प्रकार आहे.

आता मोटारीकडे येऊ. 1920च्या दशकात गाड्या जड झाल्या, वेग वाढला, पण ब्रेक दाबणारा पाय तोच राहिला. बेल्जियमचा इंजिनिअर आल्बेर देवांद्र याने 1927च्या सुमारास इंजिनाच्याच ओढीवर चालणारा सर्वो तयार केला आणि जर्मनीच्या बॉश कंपनीने तो बाजारात आणला. तिकडे अमेरिकेत ब्रॅग आणि क्लीसरॅथ या जोडीचा बूस्टर 1928मध्ये पिअर्स-ॲरो या महागड्या गाडीत आला. यातला केलेब ब्रॅग स्वतः शर्यतीत गाड्या पळवणारा. पळवणाऱ्यालाच थांबवायची काळजी जास्त, नाही का?

बूस्टरची रचना सोपी आहे. पत्र्याचा गोल डबा, मधोमध रबरी पडदा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, पण ॲक्सिलरेटर सोडला की तिची वाट जवळजवळ बंद होते आणि मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. ती एका होजने डब्याला जोडलेली असते. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला पोकळीच असते, आणि पडदा ढकलला जातो. साधा हिशोब करा. पडदा 20 सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला साधारण 0.65 किलोचा फरक धरला तर 200 किलोचा जोर होतो. इंधनाचा खास खर्च न करता!

मग पद्मिनीला हा डबा का नव्हता? मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट 1100चा भारतीय अवतार निघाला, तोच 1974पासून 'पद्मिनी' झाला आणि 2000 सालापर्यंत चालला. 1089 सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम. ड्रममध्ये एक गंमत असते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आणखी आत ओढतो, म्हणजे ब्रेक स्वतःच थोडी मदत करतो. हलक्या गाडीला तेवढं पुरायचं. डिस्क ब्रेकमध्ये ही फुकटची मदत नाही. 1953मध्ये जॅग्वारने डिस्कच्या जोरावर ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली आणि पुढे डिस्क साध्या गाड्यांत आले. तेव्हापासून बूस्टरही घरोघरी पोहोचला.

आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात फियाट हमखास दिसायची. इंजिनाची ताकद वाढवणारे हात देशभर तयार झाले. ब्रेकचा विचार मात्र अनेकदा शेवटी व्हायचा. चुलतभावाची गाडी त्याच परंपरेतली म्हणा ना.

तर आता अंगणातलं काम. बूस्टर पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मधे बसतो. तिथे जागा नसेल तर दूर बसणारा सर्वो ब्रेकच्या पाइपमध्येच जोडतात. पान्यांचं काम अवघड नाही. अडचणी आहेत त्या चार.

पहिली, कॅमशाफ्ट. जास्त ताकदीच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे राहतात, त्यामुळे आयडलला पोकळी कमी पडते. म्हणजे इंजिन जितकं तिखट, तितकी बूस्टरची उपासमार. व्हॅक्यूम गेज लावून मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. पोकळी कमी असेल तर वेगळी टाकी किंवा पंप लागतो. डिझेल गाड्यांत पंप असतो तो याचसाठी, कारण तिथे हवेची वाट बंदच होत नाही.

दुसरी, होज. पाण्याचा किंवा पेट्रोलचा मिळेल तो पाइप लावला तर आतल्या ओढीने तो चपटा होतो. व्हॅक्यूमचाच होज हवा, आणि वनवे व्हॉल्व्ह बरोबर दिशेने.

तिसरी, पुशरॉड. बूस्टरमधून मास्टर सिलिंडरला ढकलणारी ही दांडी जराशी लांब राहिली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही. ब्रेक अर्धवट लागलेले राहतात, तापतात आणि भर रस्त्यात चाकं जाम होतात. घरच्या कामात सगळ्यात घातक चूक हीच.

चौथी, जुनं दुखणं. जुन्या फियाटमध्ये ब्रेक ऑइलचा मार्ग चारही चाकांना एकच. कुठेही गळती झाली की पेडल तळाला. बूस्टर ते बरं करत नाही. आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, नवे होज, लायनर, मग बूस्टर. आणि असा बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दलच आहे.

आता तोरणमाळ. उंची साधारण 1150 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास आठव्या भागाने कमी, त्यामुळे बूस्टरची मदतही थोडी घटते. हे किरकोळ आहे. उष्णता किरकोळ नाही. चार माणसं बसलेली पद्मिनी, म्हणजे अकराशे किलोच्या आसपास, हजार मीटर खाली आणायची. सगळं काम ब्रेकनेच केलं तर तीस-पस्तीस लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता त्या चार ड्रममध्ये जाते. बूस्टर ती कणभरही कमी करत नाही. उलट पाय हलका पडल्यामुळे ब्रेक तापून निकामी होत आलेत हे उशिरा कळतं.

आणि आपल्याकडची ती सवय! तोरणमाळ असो, चांदसैली असो, कोंडाईबारी असो, उतार लागला की न्यूट्रल, काही जण तर इंजिनच बंद. का, तर पेट्रोल वाचतं. बिनबूस्टरच्या जुन्या गाडीत पेडल पहिल्यापासूनच जड, त्यात बदल होत नाही. बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद केलं की डब्यात उरलेली पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि मऊ पेडल अचानक दगड होतं. ब्रेक असतो, पण सवय मोडलेल्या पायाला तो लागत नाही. आठवलं आर्मा? पोकळी गेली, मदत गेली.

उलट खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलात तर इंजिन स्वतः गाडी अडवतं, आणि पोकळी सगळ्यात जास्त असते तीही तेव्हाच. एकाच सवयीत दोन्ही फायदे.

चुलतभावाला मी एवढंच म्हटलं, "बूस्टर बसव, पण जाणत्या मिस्त्रीला शेजारी उभं करून. आणि तोरणमाळला पहिल्यांदा एकटा जाऊन ये." सध्या त्याने गेज आणलंय आणि मास्टर सिलिंडर बदलायला काढलाय. आजी विचारते, "तोरणमाळ कधी?" तो म्हणतो, "पेडल सांगेल तेव्हा."

तुमच्या घरी बूस्टरची कुठलीही गाडी असेल तर आज एक करून बघा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावून, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईपर्यंत. मग पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. नाही गेलं, तर घाटाआधी गॅरेज गाठा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!