गोदेच्या दोन काठांचा हिशेब

मांडवीच्या जेटीवर उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. पाऊसही रत्नागिरीत ३ हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्या घरी पावसाला ‘रहमत’ म्हणत. पाण्याला पाट असतो, पाळी असते, पट्टी असते, हे मला शिकवलं धनंजयराव गाडगीळांच्या पुस्तकानं. कवीच्या हाती आकड्यांचं पुस्तक पडलं, की तो त्यात माणसं शोधतो. इथं ती सापडली.

गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी लोकांच्या पदरात काय टाकलं, याची त्यांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. रीत साधी. कालव्याखालची गावं घ्यायची, जवळची कोरडवाहू गावं घ्यायची आणि ताडून बघायचं. पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर कालव्याची किंमत ठरत नाही. मजुरी, व्यापार, वाहतूक यांत पडलेली भरही मोजली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. हे कालवे काढले दुष्काळासाठी, त्यांवर फोफावला ऊस. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले!

आता नकाशा बघा. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी कोपरगावाकडे गेलं. त्याच्या खाली मात्र नदी हीच सरहद्द. अलीकडे मुंबई इलाख्याचा अहमदनगर जिल्हा. पलीकडे वैजापूर, गंगापूर, म्हणजे निजामाचा मुलूख. माती तीच, बोली तीच, पण इंग्रजांचा पाट पलीकडे जाणार कसा? गाडगीळांच्या हिशेबात तो काठ नाही. कालवाच नव्हता, तर मोजणार काय?

पुस्तक निघालं त्याच वर्षी हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. सरहद्द पुसली गेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पायाही घातला. पण वरच्या अंगाला धरणं आणि ऊस आधीच बसलेले. २००५ साली पाणी नियमनाचा कायदा आला. २०१४ साली जलसंपत्ती प्राधिकरणानं वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचं सूत्र ठरवलं. २०१६ साली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तरी २०२३च्या नोव्हेंबरात पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा खाली रास्ता रोको आणि वर कोर्टकचेरी.

निजामाच्याच मुलखातल्या बीडची माणसं आज दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन, कोयता घेऊन पश्चिमेकडच्या उसात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडगीळांनी कालव्याच्या फायद्यात मजुरी धरली होती. या कोयत्याची मजुरी कुठल्या काठाच्या खात्यात मांडायची?