रताळ्याच्या शेतातून विद्यापीठात : प्रा. जॉन हॅच आणि आरोग्य शिक्षणाचे राजकारण

समाजकार्यात आलो तेव्हा आमच्याही हातात रंगीत तक्ते देण्यात आले होते. जेवणापूर्वी हात धुवा, पाणी उकळून प्या, पालेभाज्या खा. ज्या वस्तीत ते दाखवायचे तिथे चाळीस घरांमागे एक नळ, तोही दिवसाआड. एका आजीने विचारले, "हात धुवू की चहा ठेवू?" तिला आमच्याकडे उत्तर नव्हते. आरोग्य शिक्षण या नावाखाली बहुतेक वेळा हेच चालते. आजारी माणूस अडाणी आणि शिकवणारा शहाणा, असे आधीच ठरलेले असते. व्यवस्था मात्र निर्दोष सुटते.

हे गृहीतक ज्यांनी आयुष्यभर नाकारले ते जॉन हॅच अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आरोग्य शिक्षणाचे प्राध्यापक होते. आपल्या तरुणांना मार्टिन ल्युथर किंग, माल्कम एक्स माहीत असतात, हॅच नसतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

हॅच हे केंटकी राज्यातले कृष्णवर्णीय. १९४८ साली त्यांना केंटकी विद्यापीठाच्या कायदा शाखेत प्रवेश मिळाला. परंतु १९०४ च्या डे कायद्याने गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हाच गुन्हा होता. तेव्हा विद्यापीठाने तोडगा काय काढला? विद्यार्थ्याला लेक्सिंग्टनच्या वर्गात बसू द्यायचे नाही. प्राध्यापकांनीच मोटारीने फ्रँकफर्टला जाऊन या एकट्याला शिकवायचे! सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भिवा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रिकाम्या वर्गाचा अर्थ समजावून सांगायला नको. हॅच पुढे वकील झाले नाहीत. अटलांटा विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेऊन ते बोस्टनच्या गरीब वस्त्यांत काम करू लागले.

तिथे टफ्ट्स विद्यापीठाच्या डॉ. जॅक गायगर यांच्याशी त्यांची गाठ पडली. गायगर विद्यार्थीदशेत दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याचे काम पाहून आले होते. वस्तीचे जगणे समजून घेतल्याशिवाय वस्तीवर उपचार होत नाही, हा तिथला धडा. त्याच धर्तीवर मिसिसिपीच्या डेल्टा भागात, माउंड बायू या गावी आरोग्य केंद्र काढायचे ठरले. १८८७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेले हे गाव. भोवताली गोऱ्या मळेवाल्यांचा कापूस. कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाट्याने शेती करणारी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे बेकार झाली.

केंद्र १९६७ मध्ये सुरू झाले. परंतु हॅच त्याआधीच गावोगाव फिरत होते. चर्चच्या ओसरीत, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून विचारत होते की तुम्हाला काय हवे. दवाखाना हे उत्तर क्वचितच आले. लोक म्हणत होते अन्न, काम, पाणी, घर. या बैठकांतून दहा स्थानिक आरोग्य संघटना उभ्या राहिल्या. मग विहिरी खणल्या गेल्या, संडास बांधले गेले. कुपोषित मुलांना डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध आणि मांस लिहून देऊ लागले आणि किराणा दुकानाचे बिल औषधांच्या खात्यातून दिले जाऊ लागले. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा गायगर यांचे म्हणणे सरळ होते : भुकेच्या आजारावर औषध अन्नच.

हॅच यांना मात्र एवढ्यावर थांबायचे नव्हते. आज चिठ्ठीवर मिळालेले अन्न उद्या बंद होईल. मग भूक ज्यांची आहे त्यांनीच ते का पिकवू नये? राबणारे हात तेच होते, फक्त आजवर ते दुसऱ्याच्या कापसात राबत होते. यातून नॉर्थ बोलिव्हर काउंटी शेती सहकारी संस्था उभी राहिली. शेकडो कुटुंबे रताळी, घेवडा, वाटाणे, पालेभाज्या पिकवू लागली.

विरोध केवळ गोऱ्यांकडून झाला असे समजू नका. माउंड बायूतील सुस्थितीतल्या कृष्णवर्णीयांनाही हे रुचले नाही. गावचा कारभार आणि गावचे जुने इस्पितळ त्यांच्या वर्तुळात. शेतमजूर बायाबापड्या बैठकीत निर्णय घेतात हे त्यांना कसे पचावे? शिकून वर गेलेला वर्ग खालच्यांच्या संघटनेला का बिचकतो, हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. पुढे सरकारी दबावाखाली केंद्र आणि इस्पितळ एकत्र करण्यात आले, टफ्ट्स बाहेर पडले. सहकारी संस्थाही टिकली नाही. हे लपवण्याचे कारण नाही.

१९७० च्या दशकात हॅच नॉर्थ कॅरोलिनात आले. तिथल्या आरोग्य शिक्षण विभागाचे प्रमुख गाय स्ट्युअर्टही दक्षिण आफ्रिकेच्या त्याच परंपरेतले. येथे हॅच यांनी कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्च हाताशी धरली. प्रत्येक मंडळीत अशी एखादी बाई असतेच, जिच्याकडे सगळे अडचणीत धाव घेतात. तिलाच रक्तदाब, मधुमेह यांचे शिक्षण द्यायचे. बाहेरून तज्ज्ञ आणून बसवायचा नाही. (आपली किती विहारे आठवड्यातून एका वंदनेपुरतीच उघडतात, हे येथे विचारलेच पाहिजे.)

हॅच यांच्या हाताखाली विद्यापीठात अनेकजण घडले. आम्हाला मात्र डेल्टातली एक बाई अधिक महत्त्वाची वाटते. एल. सी. डॉर्सी. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात वाढलेली, शाळा अर्धवट सुटलेली, लेकुरवाळी. ती आरोग्य केंद्रात हॅच यांच्या विभागात कामाला लागली, सहकारी शेती संस्थेची संचालक झाली. नंतर शिकत गेली, हॉवर्ड विद्यापीठातून समाजकार्यात डॉक्टरेट घेऊन परतली. आणि पुढे त्याच डेल्टा आरोग्य केंद्राच्या कार्यकारी संचालकाच्या खुर्चीत बसली.