टिटवाळ्याचे शामराव परुळेकर

टिटवाळा म्हटले की कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला गणपती आठवतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातील मुलांनाही तेवढेच ठाऊक असते. जानेवारी १९४५ मध्ये तेथे महाराष्ट्राच्या किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगावकडून मूठभर वारली आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा उभा राहिला आणि वेठबिगारीविषयी बोलला. ही परिषद भरवणाऱ्यांत शामराव आणि गोदावरी परुळेकर होते.

कम्युनिस्टांच्या इतिहासात शामरावांचे कार्य येथून सुरू होते. आमचे लोक तर त्यांना ‘त्यांचा माणूस’ म्हणून मोकळे होतात. दोघेही १९३७ साल विसरतात. त्या वर्षी शामराव मुंबई विधिमंडळात गेले ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत निघाला. त्या लढ्यात शामराव त्यांच्या बरोबर होते. माझे आजोबा खोताचे कूळ होते. घरातला पहिला पदवीधर म्हणून हे साल मला पुस्तकातले वाटत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगारांचा संप लाल बावट्याने आणि स्वतंत्र मजूर पक्षाने मिळून केला. १९३९ मध्ये मात्र शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले.

ते का गेले, यावर वाद घालता येईल. मला मात्र त्यापुढचे महत्त्वाचे वाटते. वारल्यांच्या चळवळीने वेठ नाकारली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी सोडवले, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. सोव्हिएत रशियात प्रांताचा पक्षसचिव वरून नेमला जाई, त्याच्या पाठीशी पोलीस असत. ठाण्यात पोलीस सावकाराच्या पाठीशी होते.

१९५२ मध्ये बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले. कम्युनिस्टांनी मते कुजवायला सांगितली, हे शल्य खरे आहे आणि शामराव त्याच पक्षात होते. तरी १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र आले. ठाणे तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. शामराव आणि लक्ष्मण मातेरा लोकसभेवर गेले. आपल्या वस्त्यांतली मते त्या पेटीत पडली नसतील, असे कोण म्हणेल?

डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिसत्याग्रहात आपली माणसे तुरुंगात गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस कम्युनिस्ट पुढाऱ्यांची धरपकड झाली. ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव तुरुंगातच वारले. गोदावरीबाईंनी १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले, त्याला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. ते मुले वाचतात. खोतीचा मोर्चा आणि टिटवाळा यांच्यामधल्या सात वर्षांबद्दल मात्र एकाही मुलाने मला अजून विचारलेले नाही.