होळकरांची खासगी : एका खात्याचा मागोवा

पंढरपूर होळकरांच्या राज्यात नव्हते. तरीही चंद्रभागेकाठी, महाद्वार घाटालगत होळकर वाडा उभा आहे, आत राममंदिर आहे, आणि ते काम अहिल्याबाईंचे. काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार ही ठिकाणेही त्यांच्या मुलखाबाहेरची. परक्या मुलखात देऊळ बांधायचे, पुजारी नेमायचा, यात्रेकरूंसाठी सदावर्त चालवायचे, आणि हे सगळे आपल्या पश्चातही चालू राहावे अशी तजवीज करायची, म्हणजे पैशाचा झरा कधी आटता कामा नये. अहिल्याबाईंच्या दानधर्माच्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. तो पैसा कोणत्या खात्यातून जात होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या खात्याला होळकरांच्या दप्तरात खासगी म्हणत. सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव आहे, तेव्हा निदान या जिल्ह्यात तरी खासगीची गोष्ट माहीत असायला हवी.

ती सुरू होते १७३४ मध्ये, अहिल्याबाई आठ-नऊ वर्षांच्या असताना. त्यांचे सासरे मल्हारराव होळकर यांनी बाजीराव पेशव्यांकडून पत्नी गौतमाबाईंच्या नावे काही महाल वेगळे लावून घेतले. उत्पन्न वर्षाला जवळपास तीन लाख. सरदाराची दौलत लढाईवर उभी. फौजेचा पगार, सावकाराचे देणे, पुण्याची मर्जी यांत ती वर-खाली होणारच. खासगी या सगळ्यापासून अलग होती. दौलतीच्या कर्जाचा तिच्याशी संबंध नव्हता, आणि तिचा कारभार घरातल्या मुख्य स्त्रीच्या हाती असे.

१७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. अहिल्याबाई तेव्हा छत्तिशीत होत्या. पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात १७५४ मध्येच पडले होते. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. राज्याची सूत्रे त्यांच्याकडे आली ती त्यानंतर. म्हणजे गादीचा कारभार अंगावर पडण्याआधीच स्वतःच्या खात्याचा जमाखर्च त्या काही वर्षे पाहत होत्या. मल्हाररावांनी त्यांना तोफखान्याच्या कामाबद्दल लिहिलेले पत्र इतिहासकार नेहमी दाखवतात. मला खासगीची ही वर्षे त्याहून मोलाची वाटतात. वसूल किती आला, कुठे किती द्यायचा आणि कुणाला नाही म्हणायचे, हे त्या तिथे शिकल्या असणार.

नाही म्हणण्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पेशवे घराण्यातल्या राघोबादादांनी खजिन्यातून पैसा मागितला, तेव्हा बाईंनी कळवले म्हणे, की या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवले आहे. ब्राह्मण म्हणून दान घ्यायचे असेल तर संकल्प सोडून देते. गोष्ट अशीच घडली की नाही, हे बाजूला राहू द्या. लोकांनी ती जपली, कारण हा पैसा युद्धाचा नाही हे सर्वांना ठाऊक होते.

याच पैशातून १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ उभे राहिले, १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर. घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची यादी फार लांब आहे. गंगाजलाच्या कावडी दूरदूरच्या देवस्थानांना जात, त्यांचाही खर्च नेमलेला होता. माझ्या मते अहिल्याबाईंची खरी करामत या नेमणुकांत आहे. एकदा मूठ उघडली की दान होते. ते शंभर वर्षे चालवायचे तर जमीन, उत्पन्न, कारकून आणि वही यांची सांगड घालावी लागते. जगात दुसरीकडेही राजघराण्यांतील स्त्रियांनी हे ओळखले होते. उस्मानी सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने १५५२ मध्ये जेरुसलेमच्या अन्नछत्राला गावांचे उत्पन्न जोडून दिले. पंढरपुरातच बायजाबाई शिंद्यांनी १८४९ मध्ये द्वारकाधीशाचे मंदिर उभारले, त्याही पैशाचा व्यवहार उत्तम जाणणाऱ्या.

विद्यापीठाला नाव आहे म्हणून, आजच्या अर्थाने शाळा अहिल्याबाईंनी काढल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी विद्वानांना आश्रय दिला, महेश्वरात विणकरांना वसवले. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची संधी त्यांनी साधली नाही, हे ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर पाव शतकाने मध्य हिंदुस्थानात लोकांना विचारून नोंदवले. समाजकल्याण म्हणून मी आधी हेच मोजेन. विधवेचा पैसा तिच्याच हाती राहावा, हे स्वतःच्या नावावर खाते असलेल्या विधवेने ठरवले होते.

१७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या. खासगी राहिली. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा तिचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. खासगीच्या मिळकती आणि उत्पन्न सरकारकडे गेले, आणि बदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढायचे ठरले. हा आकडा पुन्हा वाचा. गौतमाबाईंना मिळालेल्या उत्पन्नाच्या आसपासच तो आहे, मध्ये दोनशे चौदा वर्षे गेलेली. जमिनीचे उत्पन्न काळाबरोबर वाढते, कायम केलेली रक्कम वाढत नाही. देवळे, घाट आणि धर्मशाळांची डागडुजी मात्र दरवर्षी महागत गेली.

जून १९६२ मध्ये खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या यादीत २४६ मिळकती आहेत. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद पेटला, हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचे प्रकरण त्यातलेच. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिळकती सरकारच्या ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी ते मान्य केले नाही. पण हा सार्वजनिक न्यास आहे, त्याने कायद्याखाली नोंदणी करावी आणि झालेल्या विक्रीची चौकशी व्हावी, असे बजावले. जिच्या नावाने न्यास चालतो ती बाई हिशेबाला चोख होती, आणि तिच्याच घाटांचा हिशेब न्यायालयाला मागावा लागला, हे वाचून मन कष्टी होते.

आता सोलापूर. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ सुरू झाले, आणि मार्च २०१९ मध्ये त्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले. सिद्धेश्वरांचे नाव द्यावे ही मागणीही जोरात होती, आणि तलाव खोदवणाऱ्या त्या शिवयोग्याचा मानही इथे मोठा आहे. तरी अहिल्यादेवी इथे उपऱ्या नाहीत. त्यांचे जन्मगाव चौंडी सीनेकाठी, आणि सीना करमाळा, माढा, मोहोळ असा जिल्हा ओलांडून कुडलला भीमेला मिळते. सांगोला-माळशिरसच्या धनगर वाड्यावस्त्यांवर त्यांची जयंती घरची म्हणून साजरी होते.

त्याच वस्त्यांवरच्या मुलींसाठी विद्यापीठाने एक वेगळे खाते उघडावे, असे मला वाटते. त्यातून फक्त वसतिगृह, एसटीचा पास आणि परीक्षा शुल्क भागावे. विद्यापीठाला तूट कितीही आली तरी त्याला दुसऱ्या कुणी हात लावू नये, आणि त्याचा हिशेब दरवर्षी ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला, सर्वांसमोर वाचला जावा. रक्कम मात्र एका आकड्यावर गोठवू नये, महागाईबरोबर ती वाढावी.