पाहुण्यांसाठी मांडलेले क्योतो

क्योतोच्या ओकाझाकी भागात 'मियाको मेस्से' नावाची एक प्रशस्त वास्तू आहे. तिच्या तळघरात या नगरीच्या पारंपरिक हस्तव्यवसायांचे संग्रहालय आहे : निशिजिनचे रेशमी विणकाम, यूझेन रंगकाम, लाखकाम, पंखे, बाहुल्या, मातीची भांडी. याच वास्तूत 2012 पासून मांगा आणि ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रकथा आणि चलतचित्रे, यांचा वार्षिक मेळा भरत आला आहे. खाली शतकांचा वारसा आणि वर लोकप्रिय पात्रांचे वेश करून वावरणारी तरुण मंडळी, ही मांडणी पाहिली की मराठी समीक्षेच्या वाचकाला 'अभिजात' आणि 'लोकप्रिय' ही ओळखीची जोडी आठवणे साहजिक आहे. त्यामागोमाग एक खेदाचा सूरही येतो : एकेकाळी निखळ असलेली परंपरा पर्यटकांच्या पायी प्रदर्शनाची वस्तू झाली! परंतु क्योतोचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तपासला तर या खेदाला फारसा आधार सापडत नाही. आज आपण जिला क्योतोची परंपरा म्हणतो तिचा मोठा भाग पाहुण्याची वाट पाहत असतानाच घडला आहे.

या कथेची सुरुवात एका नुकसानापासून होते. 1869 मध्ये जपानचा सम्राट तोक्योला गेला. हजारहून अधिक वर्षे राजधानी म्हणून मिरवलेल्या नगरीतून दरबार उठला, त्यापाठोपाठ सरदार आणि त्यांचे पुरवठादार गेले, लोकसंख्या झपाट्याने घटली. निशिजिनच्या विणकरांचे बडे गिऱ्हाईक म्हणजे दरबार, सरदार घराणी आणि मंदिरे; त्यांची मागणी आटल्यावर माग थंडावले. गिऱ्हाईक शहर सोडून गेले असेल तर नवे गिऱ्हाईक शहरात आणले पाहिजे, असा विचार तेथील व्यापाऱ्यांनी आणि प्रशासकांनी केला. 1871 मध्ये निशी होंगानजी या मंदिरात एक प्रदर्शन भरले आणि 1872 मध्ये त्याचे रीतसर 'क्योतो प्रदर्शन' झाले. प्रदर्शनासाठी जपानी भाषेत रूढ झालेला शब्द आहे 'हाकुरानकाई', म्हणजे विस्ताराने पाहण्याचा मेळावा. फुकुझावा युकिची यांच्या 1866 च्या पाश्चात्त्य देशांवरील पुस्तकाने तो वाचकांपर्यंत पोहोचवला होता. वस्तू वापरण्याआधी ती 'पाहायची' असते, ही कल्पना या शब्दाबरोबर शहरात शिरली.

1872 च्या प्रदर्शनासाठी परदेशी लोकांना खास परवान्यावर क्योतोत प्रवेश मिळाला. एरवी त्यांचा वावर करारांनी खुल्या केलेल्या बंदरांच्या आसपासच मर्यादित होता. या पाहुण्यांसाठी केलेल्या तयारीतून दोन गोष्टी जन्मल्या. पहिली 'मियाको ओदोरी'. गिओन वस्तीतील नर्तकी तोवर लहान बैठकीत, मोजक्या यजमानांपुढे नाचत. प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांचे समूहनृत्य रंगमंचावर आले आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागले. दुसरी गोष्ट चहाविधीतील. उरासेंके परंपरेचे अकरावे प्रमुख गेनगेनसाई यांनी चटईवर गुडघे मोडून बसू न शकणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी मेज आणि बैठका वापरून करावयाची एक नवी पद्धत योजिली. तिला 'र्‍यूरेई' म्हणतात. आज वसंतातली मियाको ओदोरी पाहणारा माणूस प्राचीन क्योतो पाहिल्याच्या समाधानात परततो, आणि र्‍यूरेई हा चहाविधीचा मान्य प्रकार आहे. दोन्हींचे मूळ मात्र शहराच्या चरितार्थासाठी भरवलेल्या एका मेळ्यात आहे.

याचा अर्थ परंपरा हा सारा बनाव होता, असा कोणी काढील तर तेही चुकीचे ठरेल. जगण्याच्या या धडपडीची किंमत खरी होती. त्याच 1872 मध्ये निशिजिनने तीन माणसे फ्रान्समधील लिआँ येथे धाडली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मालिकेने नक्षी उमटवणारा जॅकार्ड माग शिकून येणे हे त्यांचे काम. दोघे 1873 मध्ये यंत्रांसह परतले. तिसरे, योशिदा चूशिची, मागाहून निघाले आणि 1874 मध्ये 'नील' या फ्रेंच जहाजासह इझूच्या किनाऱ्याजवळ बुडाले. आज निशिजिनच्या कापडात आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणतो त्यातले कितीतरी या परदेशी मागावर विणले गेले आहे. परंपरा टिकवण्यासाठी ती बदलण्याची विद्या आणायला गेलेला माणूस वाटेत बुडाला. 'शुद्ध' आणि 'भेसळ' हे शब्द त्याच्या मरणापुढे फार तोकडे वाटतात.

'लोकप्रिय' या शब्दाचीही अशीच फेरतपासणी करावी लागते. यूझेन रंगकामाला ज्याचे नाव मिळाले तो मियाझाकी यूझेनसाई मुळात पंखे रंगवणारा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या पंख्यांची एवढी चलती होती की इहारा सायकाकु या कादंबरीकाराने 1682 च्या आपल्या रंगेल नायकाच्या कथेत त्यांचा उल्लेख केला. पुढे त्याच्या नावाने किमोनोच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघाली. म्हणजे आज संग्रहालयात बसलेली ही कला तिच्या काळात बाजारातली फॅशन होती, आणि छापखान्याने ती पसरवली. 1880 च्या सुमारास हिरोसे जिसुके याने रासायनिक रंग खळीत मिसळून कागदी साच्यांतून कापडावर उतरवण्याची रीत बसवली आणि यूझेन स्वस्त झाले. पाहुण्यांसाठीच्या कार्यशाळेत हातरुमालावर साचा ठेवून रंग भरले जातात तेव्हा ही मेइजी काळातली रीत डोळ्यांपुढे ठेवावी. यूझेनसाईच्या पंख्यापर्यंत तो धागा सरळ जात नाही.

ओकाझाकीची ती जागाही या दृष्टीने बोलकी आहे. 1895 मध्ये जपानचे चौथे राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन याच परिसरात भरले आणि त्याला अकरा लाखांहून अधिक लोक आले. त्याच वर्षी देशातली पहिली विजेची ट्राम क्योतोत धावली. तिला लागणारी वीज बिवा सरोवरातून आणलेल्या कालव्याच्या पाण्यावर निर्माण होत होती. शेजारचे हेइआन देवस्थान राजधानीच्या अकराशेव्या वर्षानिमित्त त्याच साली उभे राहिले. कुरोदा सेइकी यांच्या नग्नचित्राने तेथेच वादळ उठवले. प्राचीनतेची प्रतिकृती, नवे यंत्र आणि चविष्ट चर्चेचा विषय ही तिन्ही एकाच मैदानावर एकत्र आली होती. 2012 चा मेळा त्या मैदानाला परका नाही.

मग बदलले काय? याचे उत्तर मला एका शब्दात सापडते. या कार्यशाळांना जपानीत 'ताइकेन' म्हणतात. त्यातले पहिले अक्षर देहाचे, दुसरे प्रचितीचे. जपानी तत्त्वचिंतकांनी जर्मन विचारातील जिवंत, उत्कट अनुभवासाठी हा शब्द योजिला, आणि साठत जाणाऱ्या, मुरलेल्या अनुभवासाठी 'केइकेन' हा दुसरा. मराठीत दोहोंना आपण 'अनुभव' म्हणतो, पण फरक आपल्यालाही कळतो. पाहुण्याला तासाभरात ताइकेन मिळते. कारागिराची विद्या मात्र केइकेन असते. तिला वर्षे लागतात. निशिजिनचा एक पट्टा वीसहून अधिक टप्प्यांतून जातो आणि बहुतेक टप्प्यांचे कारागीर वेगळे. त्यांतला एक दुवा निखळला की बाकीचे कुशल हातही रिकामे बसतात. 1974 च्या जपानी कायद्याने पारंपरिक हस्तवस्तूची जी व्याख्या केली तिची पहिली अट अशी की वस्तू मुख्यतः दैनंदिन जीवनात वापरण्याची असावी. किमोनो रोजच्या अंगावरून उतरल्यावर या अटीला कोणता आधार उरला, हा खरा प्रश्न आहे. तासाभराचा पाहुणा वस्तू पाहतो, हाताळतो, रुमाल घेऊन जातो. पण तो वापरणारा होत नाही आणि शिकणाराही होत नाही.

2024 मध्ये क्योतोजवळच्या उजी येथे, आपल्या जुन्या कारखान्याच्या जागी, निन्टेंडो कंपनीने संग्रहालय उघडले. जगभर खेळ विकणारी ही कंपनी 1889 मध्ये क्योतोत सुरू झाली ती 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते हाताने बनवण्यासाठी. त्या संग्रहालयात पाहुण्यांना स्वतः हे पत्ते बनवता येतात. येथे हस्तव्यवसाय आणि लोकप्रिय संस्कृती यांची 'भेट' घडवून आणावी लागत नाही, कारण ती एकाच घरातली आहेत. या घराण्याने पत्ते जपण्यापेक्षा खेळ जपला आणि खेळाला नवनवी साधने दिली. निशिजिनच्या विणकराला ही वाट इतकी सोपी नाही. रेशमी पट्ट्याचे रूपांतर कशात करावे, याचे उत्तर अजून दिसत नाही.

म्हणून पाहुण्यांसाठीच्या कार्यशाळांकडे पाहताना 'हे अस्सल आहे का?' हा प्रश्न मला गौण वाटतो. र्‍यूरेईच्या मेजाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. विचारायचे ते असे : पाहुण्याने मोजलेल्या पैशांतून एखाद्या शिकाऊ मुलीची दहा वर्षे निघतात का? 1872 च्या क्योतोने पाहुण्याला बोलावले आणि त्याच वर्षी आपली माणसे लिआँला शिकायलाही पाठवली. यांतले पहिले काम आज जोरात चालू आहे. या कलांचे भवितव्य दुसऱ्यावर अवलंबून आहे.